सोवनीसाहेबांची पाण्याखालची चार मिनिटं

हरिहर सोवनी मूळचे मिरजेचे. रेल्वेत पुलांचे इंजिनिअर म्हणून लागले, काही वर्षं गोरखपूरकडे काढली, मग लखनौला बदली झाली आणि इथेच राहिले. आलमबागेत त्यांचं घर आहे. दोन घरं सोडून माझं. मी हवाई दलातून निवृत्त झालो. गल्लीत मराठी बोलणारी घरं ही दोनच, त्यामुळे सकाळचं फिरणं आमचं एकत्र असतं.

सोवनींना पाहणी करायची सवय आहे. कुणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी त्यांची नजर छताकडे जाते. भेग दिसली तर किती जुनी आहे ते विचारतात, आणि यजमानाला माहीत नसेल तर स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या गल्लीतल्या नाल्यावरच्या सहा फुटी पुलाची तपासणी करून तीन पानी अहवाल लिहिला होता. तो अहवाल कुणाला द्यायचा हे न ठरल्यामुळे तो माझ्याकडे आहे.

त्यांची मुलगी मंजिरी कॉम्प्युटर शिकली, बेंगळुरूला चांगल्या नोकरीत होती. तीन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून परत आली, आणि शिवांगी नावाच्या इथल्याच मैत्रिणीबरोबर तिने चिनहटला एका पुठ्ठ्याच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे दोघी मिळून एक व्हिडिओ गेम बनवत होत्या. सोवनी लोकांना सांगायचे, मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. खोटं नव्हतं ते. पण तीन वर्षांत त्यांनी तो गेम पाहिला नव्हता. मंजिरीने दाखवला नव्हता आणि त्यांनी मागितला नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत, पोहे खाताना, मंजिरीनेच विषय काढला. मंजिरीला मराठी पूर्ण समजतं, पण उत्तर ती हिंदीत देते, आणि हिंदीत बाप 'आप' होतो. ती म्हणाली, "बाबा, आप हमारा गेम खेलेंगे?"

तिला असा माणूस हवा होता ज्याने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय वाटतं, कुठे अडतो, कुठे घाबरतो, हे त्यांना बघायचं होतं. बाहेरची पंधरा-वीस मुलं खेळून गेली होती, पण ती सगळी सराईत. सोवनींनी विचारलं, वेळ किती लागेल आणि माझ्याकडून नेमकी अपेक्षा काय? लेखी देता येईल का, असंही विचारलं. त्यांच्या पत्नी प्रतिमावहिनी म्हणाल्या, "अहो, खेळायचंय. टेंडर नाही भरायचं."

ठरल्या दिवशी सकाळी अकराला आम्ही चिनहटला पोचलो. मला त्यांनी साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट, डायरी, दोन चष्मे, दोन पेनं. खोलीत शिरल्यावर छत पाहिलं. मग बसले.

शिवांगीने नियम सांगितले. तुम्ही खेळा, मनात येईल ते मोठ्याने बोला, आम्ही एक शब्दही मदत करणार नाही. समोरच्या कॅमेऱ्यात तुमचा चेहरा आणि आवाज टिपला जाईल. तिने पडदे ओढले, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात कंट्रोलर दिला. तो त्यांनी दोन्ही हातांत प्रसादाच्या ताटासारखा धरला.

गेमचं नाव 'गाद', म्हणजे नदीतला गाळ. गोष्ट साधी होती. नदीकाठचं एक जुनं पाणी उपसण्याचं केंद्र पुरात बुडालंय. एक पाणबुड्या नावेतून तिथे जातो. त्याला खाली उतरून तीन पंप पुन्हा सुरू करायचे असतात. हवा मोजकी, हातात एक दिवा, आणि खाली गाळात काहीतरी राहतं, जे उजेडाच्या मागावर येतं.

पडद्यावर धुकं, नदी, एक लहान नाव. नावेच्या कडेला पाणबुड्या उभा. एक बटण दाबलं की तो उडी मारतो. सोवनींनी ते दाबलं नाही. त्यांनी त्या माणसाला नावेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. पुन्हा चालवलं. दहा मिनिटं ते नाव तपासत होते.

"नावेत दुसरा माणूस नाही," ते म्हणाले. "दोरी कोण धरणार?"

मुली गप्प. नियमच तसा होता. शिवांगीने ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.

"दोरीच नाही. विनादोरी मी माणूस खाली सोडणार नाही."

आणखी पाच मिनिटं गेली. मुलं म्हणे आठ सेकंदांत उडी मारायची. शेवटी मंजिरीनेच नियम मोडला आणि म्हणाली, बाबा, कूदना पड़ेगा. सोवनींनी डायरीत वेळ लिहिली, 'मंजिरीच्या जबाबदारीवर' असं लिहिलं, आणि उडी मारली.

सुरुवातीला ते बोलत होते. पाणी आधी हिरवं, मग तांबूस, मग काळपट झालं. दिव्याच्या उजेडात एक भिंत आली. विटांची रचना चुकीची आहे, त्या काळातल्या सरकारी इमारतीत अशी जोडणी करत नसत, असं ते म्हणाले. मंजिरीने कपाळाला हात लावला, पण टिपून घेतलं. मग त्यांचा पाय तळाला लागला आणि गाळ उठला. दिव्यासमोर तपकिरी धुरळाच धुरळा झाला. भिंत गेली. वर कुठे आणि खाली कुठे तेही कळेना. कानात फक्त स्वतःचा श्वास, आणि कोपऱ्यात हवेचा काटा.

इथे त्यांचं बोलणं थांबलं. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. पुलाबद्दल, पावसाबद्दल, रेल्वे बजेटबद्दल बोलताना हा माणूस मध्येच थांबलेला मी पाहिला नव्हता. काहीतरी पायापाशी सरकलं, कंट्रोलर हातात थरथरला, आणि सोवनींनी सगळी बटणं एकदम दाबली. दिवा विझला. पडद्यावर अंधार झाला आणि त्यात अक्षरं उमटली: 'गाद ने आपको रख लिया.'

पाण्याखाली ते चार मिनिटं दहा सेकंद होते.

मुली मनातून खूश होत्या. इतका खरा घाबरलेला चेहरा त्यांना एकाही मुलाकडून मिळाला नव्हता. सोवनींनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मंजिरी पाणी घेऊन गेली. ते प्यायले. राक्षसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी वेगळंच विचारलं, "यात वरून कुणी विचारत नाही का गं, काय दिसतंय म्हणून?"

"नहीं बाबा. वो अकेला है."

"बरं आहे मग," ते म्हणाले.

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी फिरताना कळला. पुलाच्या खांबांभोवतीची वाळू नदी खणून नेते. ती किती खणली गेली हे पाहायला पाणबुडे उतरवतात. तोंडावर मुखवटा, वरून हवा देणारी नळी, कमरेला दोरी. सोवनी नावेत बसून अकरा रकान्यांचा तक्ता भरायचे. तीस वर्षांपूर्वी, जानेवारीत, घाघरा नदीवरच्या एका पुलाशी रामसजीवन निषाद नावाचा पाणबुड्या खाली गेला आणि लगेच वर आला. म्हणाला, साहब, कुछ दिखता नहीं. सोवनी चिडले. रकाने रिकामे कसे ठेवायचे? त्यांनी त्याला परत पाठवलं. तो पुन्हा वर आला, पुन्हा तेच बोलला. चारचौघांत सोवनी त्याला कामचुकार म्हणाले आणि तिसऱ्यांदा खाली धाडलं. त्या वेळी मात्र सगळे रकाने भरले.

"मी त्याला कामचुकारच समजत आलो," ते मला म्हणाले. "आणि काल मी खुर्चीत बसून, पोटात पोहे असताना, चार मिनिटांपलीकडे टिकलो नाही."

आठवडाभर ते लिहीत होते. मुलींना त्यांनी अहवाल दिला, दोन पानी, विटांसकट. मग त्यांनी रामसजीवनचा शोध सुरू केला. जुन्या कंत्राटदाराचा मुलगा, त्याने सांगितलेला एक नावाडी, असं करत पत्ता लागला. तो लखनौतच होता, गोमतीच्या कुड़ियाघाटाजवळ. त्याच्या मुलांच्या नावा तिथे चालत होत्या.

आम्ही रेवड्यांचा डबा घेऊन निघालो. सोवनींनी माफीचं एक वाक्य तयार केलं होतं आणि ई-रिक्षात ते पुटपुटत होते. चाळीस वर्षं या शहरात राहूनही हिंदीतलं लिंग त्यांना दगा देतं. चौकात रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "गलती हुआ की हुई?" मी सांगायच्या आत रिक्षावाल्याने मान वळवून सांगितलं, हुई.

रामसजीवन उन्हात खाटेवर बसला होता. सत्तरी ओलांडलेली, पण छाती अजून रुंद. त्याने साहेबांना लगेच ओळखलं, उठून उभा राहिला. सोवनींनी त्याला बसवलं. पूर्वी त्याला 'तुम' म्हणायचे, आता 'आप' म्हणाले, आणि उभ्यानेच वाक्य म्हणून टाकलं. व्याकरण बरोबर होतं.

रामसजीवनने ऐकून घेतलं. मग तो हसायला लागला.

"साहब, उस दिन पहली दो बार तो हम नीचे गए ही नहीं. पानी बहुत ठंडा था. खंभा पकड़ के बैठे रहे."

सोवनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एक महिनाभर त्यांनी जो अपराध उरावर वागवला होता तो त्या माणसाने हसत परत केला, आणि त्याच्या जागी जुना राग येऊ पाहत होता, पण रेवड्यांचा डबा हातात असताना रागावणार कसं? त्यांनी फक्त एवढंच विचारलं की मग ते रकाने?

रामसजीवनने सांगितलं, तिसऱ्या वेळी तुम्ही तुमच्या थर्मासमधला चहा दिलात, तेव्हा गेलो, आणि तेव्हाचं सगळं खरं होतं. दिसत मात्र काही नव्हतं. तेही खरंच होतं.

"चहा दिल्याचं मला आठवत नाही," सोवनी मला मराठीत म्हणाले. ते जरा सावरले होते. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी जे विचारलं, ते इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. दिसत नाही, तर मग कळतं कसं?

रामसजीवन म्हणाला, हाताने आणि कानाने. नदीच्या तळाशी वाळू वाहत असते, तिचा आवाज येतो. भाडात, म्हणजे भडभुंज्याच्या भट्टीत, गरम वाळूवर चणे भाजतात ना, तसा. सगळीकडून येतो, थांबत नाही. त्याची सवय होते. पण खांबाजवळ जिथे नदीने खोल खड्डा केलेला असतो, तिथे तो आवाज एकदम बंद पडतो.

"जहाँ चुप हो जाए, साहब, डर वहाँ लगता है."

सोवनींनी हे डायरीत लिहून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी ते मंजिरीला वाचून दाखवलं, आणि मंजिरी जेवणाच्या ताटावरून उठून शिवांगीला फोन करायला गेली.

चार दिवसांनी दोघींनी रामसजीवनला चिनहटला आणलं. सोवनी आधीच तिथे हजर होते. खरा पाणबुड्या खेळणार म्हणून सगळे श्वास धरून बसलो होतो. रामसजीवनने हेडफोन लावले, क्षणात उडी मारली आणि डोळे मिटून घेतले. खाली डोळ्यांचा उपयोग नसतो, ही त्याची सवय. डोळे मिटून त्याने पाणबुड्याला थेट पंपाच्या पात्यांत नेऊन अडकवलं. एक मिनिट पन्नास सेकंद.

सोवनींनी पेन उघडलं. डायरीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

रामसजीवनला हरल्याचं काही वाटलं नाही. त्याला आवाज पटला नव्हता. हा तर नळाचा आवाज आहे, असं तो म्हणाला. कुणीतरी बादली भरतंय.

मग मुली मायक्रोफोन घेऊन चिनहटच्या बाजारात एका भडभुंज्याकडे गेल्या. त्याला आधी वाटलं, टीव्हीवाले आहेत. त्याने सदरा बदलला. दोन तास तो कढईत वाळू आणि चणे परतत राहिला, आणि भाजलेले सगळे चणे तुम्हीच न्यायचे, असं त्याने बजावलं. पुढे पंधरा दिवस त्या ऑफिसात चहाबरोबर चणे होते. तो आवाज संथ करून, खोल करून, त्यांनी गेमच्या तळाशी पसरला. राक्षस जवळजवळ काढूनच टाकला. आता तो दिसत नाही. सळसळ चालू असते, तुम्ही भिंत चाचपत पुढे जात असता, आणि अचानक सळसळ थांबते. मी तो नवा खेळ एकदा ऐकला आहे. पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

दुसरा बदल सोवनींमुळे झाला. पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग मुली पुन्हापुन्हा ऐकत होत्या, आणि त्या नावेवरच्या पंधरा मिनिटांवर त्यांचा जीव जडला होता. त्यांनी ठरवलं की नावेत दुसरा माणूस ठेवायचा. दोरी धरणारा. तो वरून विचारत राहील, काय दिसतंय, हवा किती, परत ये. आणि आवाज अर्थातच बाबांचा.

सोवनी आधी नको म्हणाले, मग संहिता मागितली, मग ती लाल पेनाने दुरुस्त करून परत दिली. पाण्याखालच्या माणसाला खोटा धीर देणार नाही, ही त्यांची एकमेव अट. 'सब ठीक है' हे वाक्य त्यांनी सगळीकडून काढायला लावलं. त्याऐवजी ते म्हणतात, "दोर मेरे हाथ में है." रेकॉर्डिंगच्या वेळी मध्येच त्यांच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं. ते शिवांगीने ठेवलं.

नोव्हेंबरमध्ये गेम बाहेर आला. फार गाजावाजा झाला नाही, पण माणसं खेळली, कुठकुठल्या देशांतली. मंजिरी त्यांचे अभिप्राय बाबांना वाचून दाखवायची. कुणी लिहिलं होतं की सगळ्यात भीती वाटते ती वरचा म्हातारा बोलायचा थांबतो तेव्हा. सोवनींनी ते मला तीन वेळा सांगितलं. दुसऱ्याने लिहिलं होतं की म्हातारा फार बोलतो, बरं झालं सेटिंगमध्ये त्याला बंद करता येतं. हे त्यांनी सांगितलं नाही, मला मंजिरीकडून कळलं.

बंद करायची सोय कुणी ठेवली, याची त्यांनी चौकशी केली. शिवांगीने मंजिरीचं नाव सांगितलं. मंजिरी म्हणाली, आई ने कहा था. प्रतिमावहिनी दुपारी जेवणं झाल्यावर, भाजी निवडायच्या आधी, शांतपणे तो गेम खेळत असत हे मंजिरीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. एका आठवड्यात त्यांनी तिन्ही पंप सुरू केले होते. आवाज बंद ठेवून.

"तुमचा त्रास नाही हो," त्या सोवनींना म्हणाल्या, "पण तुम्ही विचारलंत की मला उत्तर द्यावंसं वाटतं, आणि तेवढ्यात हवा संपते."

आता सोवनी मंगळवारी डबा घेऊन चिनहटला जातात. कुणी विचारलं तर मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे असं सांगत नाहीत. माझी मुलगी भीतीचे खेळ बनवते, असं सांगतात, आणि समोरच्याने पुढे विचारलं नाही तरी पुढचं सांगतात. महिन्यातून एकदा रामसजीवन त्यांच्याकडे येतो. दोघं जुन्या पुलांची नावं काढतात आणि कुठल्या खांबाशी नदी किती खोल होती यावर वाद घालतात.

इतकं सगळं होऊनही त्यांनी स्वतः दुसऱ्यांदा उडी मारली नव्हती. मंजिरी त्यांना कधी आग्रह करत नव्हती. मागच्या रविवारी सकाळी मी पेपर मागायला गेलो तर बापलेक टीव्हीसमोर जमिनीवर बसलेले. कंट्रोलर सोवनींच्या हातात. या वेळी नियम नव्हता. मंजिरी हळूहळू सांगत होती, बाएँ, बाबा, थोड़ा और बाएँ, आणि ते भिंतीला धरून बोटभर पुढे सरकत होते. दोनदा गाळाने ठेवून घेतलं. दोनदा ते पुन्हा उतरले. प्रतिमावहिनींनी जेवायला हाक मारली, कुणी उठलं नाही. दुसऱ्या हाकेला त्या स्वतः बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत मागे उभ्या राहिल्या.

पावणेदोनच्या सुमाराला त्यांचा हात पंपाच्या खटक्यापर्यंत पोचला. पंप धडधडला, वरच्या अंगाला मिणमिणता दिवा लागला. मंजिरीने टाळी वाजवली. सोवनींनी कंट्रोलर खाली ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि जवळ जाऊन पंप निरखला.

"हा उलटा फिरतोय," ते म्हणाले.

मंजिरीने पाहिलं. खरंच उलटा फिरत होता. तिने फोनमध्ये ते टिपून घेतलं आणि सगळे जेवायला उठले.